जमिनीखालची तेल-गॅस पाइपलाइन गंजापासून कशी वाचवायची: सड्यावरून खाजनात उतरणाऱ्या लाइनींसाठी

दाभोळ-बंगळुरू गॅस लाइनची एक शाखा गोव्यात येते, मुरगाव बंदराकडून तेलाच्या लाइनी टाक्यांपर्यंत जातात, आणि आता घरगुती गॅससाठी रस्ते खोदणं तर वर्षभर चालूच असतं. २०२३ मध्ये दाबोळी-चिखली बाजूच्या विहिरींत पेट्रोल आल्याच्या बातम्या आल्या तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की आपल्या पायाखाली काय काय पुरलंय. त्या प्रकरणाच्या कारणांत मी जात नाही, पण त्यानंतर एक प्रश्न खूप जणांनी विचारला, की लोखंडी पाइप वर्षानुवर्षं ओल्या मातीत राहतो तर तो गंजत कसा नाही. गंजतो हो, नीट काम केलं नाही तर हमखास गंजतो. हा लेख साइटवर काम करणाऱ्या पोरांसाठी आहे, सुपरवायझर, नवीन इंजिनिअर, डिप्लोमा करून आलेले टेक्निशियन, ज्यांच्या हातात मीटर देतात आणि "उणे ८५० आलं की लिही आणि पुढे चल" असं सांगतात. ते उणे ८५० मिलिव्होल्ट, म्हणजे पाइप आणि मातीतलं व्होल्टेज, सगळीकडे पुरत नाही, आणि गोव्यात तर अजिबात नाही. का ते पुढे येईलच.

आधी थोडं समजून घ्या, मग मीटर हातात घ्या

लोखंडातून करंट जिथे मातीत बाहेर पडतो तिथलं लोखंड जातं, आणि मातीतून करंट जिथे लोखंडात शिरतो तो भाग वाचतो. एवढंच आहे. १ अँपिअर करंट वर्षभर बाहेर पडत राहिला तर साधारण ९ किलो लोखंड खाऊन टाकतो. आता हे ९ किलो अख्ख्या लाइनीवर पसरून गेलं तर कुणाला पत्ताही लागणार नाही, पण कोटिंगला दोन-चार टाचणीएवढी भोकं आहेत आणि सगळा करंट तिथूनच निघतोय तर पाइपला आरपार भोक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून चांगलं कोटिंग केलं आणि सीपी, म्हणजे मातीतून पाइपमध्ये करंट घालून त्याला वाचवणारं कॅथोडिक प्रोटेक्शन, चालू करायला उशीर केला तर ते उलट धोक्याचं. कायमची सिस्टीम तयार व्हायला वेळ लागणार असेल तर पाइप पुरतानाच मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड, म्हणजे पाइपऐवजी झिजणारे तुकडे, लावून तात्पुरती सीपी चालू ठेवायची असते. आणि बिल वाचवायला हेच काम सगळ्यात आधी वगळलं जातं.

आता गोव्याची गंमत बघा. सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, जांभा आहे, पाण्याचा लगेच निचरा होतो, मातीत हवा खेळती. तीच लाइन उतारावरून खाली आली की खाजन, खारट चिखल, भरतीचं पाणी, हवा जवळजवळ नाहीच. पाइप एकच, पण त्याचे हे दोन तुकडे एकमेकांशी बॅटरीसारखे वागतात, हवा मिळणारा सड्यावरचा भाग कॅथोड होऊन वाचतो आणि खाजनातला भाग अ‍ॅनोड होऊन झिजतो. जुवारी, मांडवी, कुंभारजुवे कालवा, कुठलाही काठ घ्या, दोन-तीनशे मीटरच्या आत जमीन पूर्ण बदललेली असते. सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे हा उताराचा पायथा, आणि टीएलपी, म्हणजे रीडिंग घ्यायचे खांब, नेमके तिथे नसतात कारण ते किलोमीटर मोजून लावलेले असतात, जमीन बघून नाही.

पायरी १: मातीची रेझिस्टिव्हिटी मोजा

रेझिस्टिव्हिटी म्हणजे माती करंटला किती अडवते ते. मोजायला चार पिनांची पद्धत, वेनर म्हणतात. चार खिळे एका सरळ रेषेत, समान अंतरावर ठोकायचे, बाहेरच्या दोनांतून करंट सोडायचा, आतल्या दोनांत व्होल्टेज बघायचं, मीटर ओहम देतो. रेझिस्टिव्हिटी म्हणजे २ गुणिले ३.१४ गुणिले अंतर गुणिले ते रीडिंग. अंतर दीड मीटर ठेवलं तर ढोबळमानाने दीड मीटर खोलीपर्यंतची माती मोजली जाते, म्हणजे पाइपच्या खोलीएवढी.

समजा खाजनात ०.५३ ओहम आलं, तर ९.४२ गुणिले ०.५३ म्हणजे ५ ओहम-मीटर. सड्यावर त्याच अंतराला ८५ ओहम आलं तर ८०० ओहम-मीटर. १० च्या खाली माती अतिशय गंजखोर धरतात, १०० च्या वर बरीच सौम्य. म्हणजे एकाच लाइनीवर दोन टोकं. खिळे पाइपला समांतर आणि अगदी जवळ ठोकू नका, करंट पाइपमधूनच पळतो आणि रीडिंग खोटं कमी येतं. आडवे ठोका, म्हणजे पाइपच्या काटकोनात. मोजणी एकदा मे महिन्यात आणि एकदा चतुर्थीच्या आसपास करा, सड्यावरचा फरक बघून धक्का बसतो.

सोबत मातीचा पीएच, क्लोराइड आणि सल्फाइड पण तपासून घ्या. खाजनातला काळा चिखल, कुजलेल्या अंड्याचा वास, म्हणजे सल्फेट खाणारे बॅक्टेरिया आहेत असं धरून चला.

पायरी २: कोटिंग, आणि कोटिंगपेक्षा जॉइंट

फॅक्टरीतून येणाऱ्या पाइपवर हल्ली थ्री लेअर पीई असतं, आत इपॉक्सी, मध्ये चिकटवणारा थर, वर पॉलिएथिलीन. ते उत्तम असतं. बोंब होते ती साइटवरच्या वेल्डिंग जॉइंटला, कारण ते कोटिंग आपल्या हाताने, धुळीत, घामात आणि घाईत होतं.

जॉइंट करताना ब्लास्टिंग करून पाइप पांढरट करडा दिसला पाहिजे, एसए अडीच म्हणतात तो ग्रेड. नुसत्या वायर ब्रशने घासून श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची बाही, चढवणारे आहेत, त्यांना थांबवा. पाइपच्या पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. जून ते सप्टेंबर गोव्यात उघड्यावर हे जमणं कठीण, पत्रा कोरडा दिसतो पण बोट फिरवलं की ओल लागते, तेव्हा तंबू लावा, पाइप गरम करा आणि तरी जमत नसेल तर त्या दिवशी जॉइंट करू नका. स्लीव्ह मधल्या भागापासून कडांकडे अशी गरम करत न्यायची, म्हणजे हवा बाहेर पडते. वेल्डच्या उंचवट्याशेजारी हवा अडकली तर तिथे लांबट पोकळी राहते, तिच्यात पाणी शिरतं, आणि वरून प्लॅस्टिक असल्यामुळे सीपीचा करंट आत पोचत नाही. मीटर वरून छान रीडिंग दाखवत राहतो आणि आत पाइप कुजत राहतो.

खाली उतरवायच्या आधी हॉलिडे टेस्ट, म्हणजे कोटिंगमधली भोकं शोधायची टेस्ट. थ्री लेअर पीईला साधारण २५ किलोव्होल्ट लावतात. टेस्टरची स्प्रिंग पाइपवरून फिरवताना कडकड आवाज आणि ठिणगी आली की तिथे भोक. खडूने गोल करा, दुरुस्त करा, परत टेस्ट करा. पाइपच्या पोटाखालून स्प्रिंग फिरते का ते वाकून बघा, वरवर फिरवून सही घेणारे बरेच असतात.

मग चर. चिऱ्याच्या जमिनीत जेसीबीने काढलेला माल तसाच परत टाकला तर सगळी मेहनत वाया, चिऱ्याची धार कोटिंगमध्ये घुसते. पाइपच्या खाली आणि सगळ्या बाजूंनी मऊ माल हवा. रेती मिळण्याचा गोव्यातला घोळ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी चाळलेली माती वापरायला सांगतो, ती व्यवस्थित चालते, वर रॉक शील्डची जाळी गुंडाळली तर अजून बरं. किनाऱ्यावरची वाळू मात्र बिलकुल नको, मीठ आपल्याच हाताने पाइपला चोळल्यासारखं आहे.

पायरी ३: किती करंट लागेल

१२ इंची पाइप, बाहेरचा व्यास ३२३.९ मिलिमीटर, लांबी १० किलोमीटर. पृष्ठभाग येतो साधारण १०,१७५ चौरस मीटर. नव्या चांगल्या कोटिंगला चौरस मीटरला ०.१ मिलिअँपिअर धरलं तर १ अँपिअरच्या आसपास भागतं. जुनं कोलटार कोटिंग असेल आणि १ मिलिअँपिअर धरावं लागलं तर १० अँपिअर. उघड्या लोखंडाला १० ते ३० मिलिअँपिअर लागतात, मग हिशोब १०० अँपिअरच्या वर जातो. कोटिंगवर खर्च का करायचा असं मॅनेजरने विचारलं तर हे तीन आकडे त्याच्यासमोर ठेवा, दुसरं काही बोलायची गरज पडत नाही.

पायरी ४: अ‍ॅनोड की टीआर

दोन रस्ते आहेत. पहिला बळीचा बकरा, म्हणजे मॅग्नेशियम किंवा झिंक पाइपला जोडायचं, ते झिजतं आणि पाइप वाचतो. कल्पना जुनी आहे, हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हेच केलं होतं. पुरलेल्या पाइपलाइनीवर रेक्टिफायरने करंट सोडून दाखवला तो रॉबर्ट कुनने, १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला, आणि ते प्रसिद्ध उणे ८५० पण त्याचंच.

मॅग्नेशियमचा ७.७ किलोचा अ‍ॅनोड घ्या. व्यवहारात १ अँपिअर वर्षभर द्यायला साधारण ८ किलो मॅग्नेशियम खर्च होतं. ८५ टक्के वापरला जातो असं धरलं तर ४० मिलिअँपिअरवर तो वीसेक वर्षं जातो. भोवती भरायचा मसाला ठरलेला आहे, ७५ टक्के जिप्सम, २० टक्के बेंटोनाइट, ५ टक्के सोडियम सल्फेट, आणि पुरल्यावर पोतं पाण्याने चिंब भिजवायचं. खाजनात हे अ‍ॅनोड मस्त चालतात, कधी कधी जास्तच, करंट भसाभस जातो आणि अ‍ॅनोड लवकर संपतो, तिथे झिंक बरं. सड्यावर ८०० ओहम-मीटरमध्ये मॅग्नेशियम लावणं म्हणजे पैसे पुरणं, करंट बाहेर पडतच नाही.

दुसरा रस्ता लांब लाइनीला, टीआर, म्हणजे एसी विजेचा डीसी करून देणारा ट्रान्सफॉर्मर रेक्टिफायर, आणि त्याला जोडलेला ग्राउंडबेड, म्हणजे जमिनीत पुरलेला अ‍ॅनोडचा संच. एमएमओ (मिक्स्ड मेटल ऑक्साइडचा लेप असलेले) किंवा हाय सिलिकॉन आयर्नचे अ‍ॅनोड, भोवती कोक ब्रीझ, म्हणजे कोकचा चुरा. सड्यावर वरवरचा बेड उन्हाळ्यात सुकतो, म्हणून डीप वेल, म्हणजे खोल बोअर, करा किंवा बेड सरळ खालच्या ओल्या जमिनीत न्या. आणि चालू करायच्या आधी पोलॅरिटी दोनदा तपासा: निगेटिव्ह पाइपला, पॉझिटिव्ह अ‍ॅनोडला. उलटं जोडलं तर तुम्ही स्वतःच पाइप झिजवायचं मशीन लावलंत. चालू केल्यावर पीएसपी, म्हणजे पाइप आणि मातीतलं व्होल्टेज, जास्त निगेटिव्ह झालं पाहिजे. उलट दिशेला गेलं तर एक सेकंद न थांबता बंद करा.

टीआर ठरावीक व्होल्टेजवर ठेवून विसरून जाऊ नका. मेमध्ये ग्राउंडबेड सुकून करंट पडतो, जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की तोच करंट उसळतो. ऑटो मोड असेल तर त्याचा कायमचा रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून व्होल्टेज मोजतात तो, जिवंत आहे का ते वर्षातून एकदा हातातल्या इलेक्ट्रोडशी ताडून बघा, मेलेल्या इलेक्ट्रोडवर चालणारा ऑटो मोड मॅन्युअलपेक्षा वाईट.

पायरी ५: करंट पळून जाऊ देऊ नका

स्टेशनच्या दोन्ही टोकांना इन्शुलेटिंग जॉइंट असतो, म्हणजे आपला करंट फक्त लाइनीवर राहावा. स्टेशनात तांब्याचं अर्थिंग असतं आणि तो जॉइंट कुठेतरी शॉर्ट झाला, बहुतेक वेळा कुणीतरी नंतर टाकलेल्या छोट्या इन्स्ट्रुमेंट ट्यूबमुळे किंवा सपोर्टच्या क्लॅम्पमुळे, तर सगळा करंट त्या तांब्यात जातो आणि लाइन उपाशी. ओळखायचं कसं, तर जॉइंटच्या दोन्ही बाजूंचं पीएसपी घ्या, एकसारखं आलं आणि टीआर बंद-चालू केल्यावर दोन्हीकडे एकत्रच हललं की शॉर्टचा संशय पक्का. रस्ता आणि रेल्वेखालच्या केसिंगचंही, म्हणजे पाइपभोवतीच्या मोठ्या संरक्षक पाइपचंही, तेच, केसिंग पाइपला टेकता कामा नये. जॉइंटवर सर्ज प्रोटेक्शन असू द्या, ऑक्टोबरच्या विजांनी असे जॉइंट उडतात.

पायरी ६: रीडिंग कसं घ्यायचं

मीटरचा पॉझिटिव्ह पाइपच्या वायरला, निगेटिव्ह कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडला, आकडा निगेटिव्ह दिसतो. मीटरचा इनपुट निदान १० मेगाओहम हवा. इलेक्ट्रोडमध्ये सल्फेटचे न विरघळलेले खडे तळाशी दिसले पाहिजेत, नाहीतर द्रावण सॅच्युरेटेड नाही. इलेक्ट्रोडवर थेट ऊन पडू देऊ नका, पारदर्शक बॉडी असेल तर उन्हाने दहा-वीस मिलिव्होल्टच्या घरातला फरक पडतो, काळी टेप गुंडाळा. डांबरावर ठेवून रीडिंग घेऊ नका, कडेची माती शोधा. सड्यावर कोरड्या दिवसांत अर्धा लिटर पाणी ओता, दोन मिनिटं थांबा, मग ठेवा.

आता मुख्य गोष्ट. टीआर चालू असताना जे दिसतं त्यात मातीतून करंट वाहिल्यामुळे पडणारं व्होल्टेज मिसळलेलं असतं. खरं रीडिंग करंट तोडल्यावर लगेचचं, त्याला इन्स्टंट ऑफ म्हणतात. लाइनीवर परिणाम करणाऱ्या सगळ्या टीआरना जीपीएसवाले इंटरप्टर लावा, ४ सेकंद चालू १ सेकंद बंद असं काहीतरी, आणि सगळे एकाच क्षणी बंद झाले पाहिजेत.

सड्यावर चालू असताना उणे १३५० आणि ऑफला उणे ७८० येऊ शकतं, म्हणजे रजिस्टरमध्ये झकास आणि जमिनीत नापास. दहा मिनिटांवरच्या खाजनात चालू उणे १०५०, ऑफ उणे ९२०, वरवर पाहता पास. पण तिथे बॅक्टेरिया आहेत, आणि अशा बिनहवेच्या जमिनीत निकष उणे ९५० चा असतो, म्हणजे तेही नापास. एकाच लाइनीवर दोन जागी दोन निकष लावायचे, हे रजिस्टरच्या छापील कॉलममध्ये मावत नाही म्हणून कुणी करत नाही. स्वतः पेनाने कॉलम वाढवा. दुसरी हद्द पण लक्षात ठेवा, ऑफ उणे १२०० च्या पलीकडे नेऊ नका, हायड्रोजन सुटतो आणि कोटिंग उचललं जातं. जास्त दिलं म्हणजे जास्त वाचलं असं नसतं.

टीएलपीवरची रीडिंग म्हणजे किलोमीटरला एक ठिपका. मधलं कळायला सीआयपीएस करा, वायर सोडत दर एक-दोन मीटरवर रीडिंग घेत चालायचं, आणि कोटिंगची भोकं शोधायला डीसीव्हीजी, म्हणजे जमिनीवरून मातीतल्या व्होल्टेजचा उतार मोजायची पद्धत. पूर्ण लाइन दरवर्षी परवडणार नाही, पण उताराचे पायथे, नदीचे काठ आणि मानशीजवळचे (खाजनाचं पाणी सोडा-अडवायच्या दाराजवळचे) बांध तरी करा.

पायरी ७: एसी विसरू नका

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, २५ किलोव्होल्ट एसी. रेल्वेला किंवा हाय टेन्शन लाइनीला समांतर जाणाऱ्या पाइपवर व्होल्टेज चढतं, आणि कोटिंग जितकं चांगलं तितकं जास्त चढतं. माणसाच्या सुरक्षेसाठी हद्द १५ व्होल्टची, टीएलपीची पेटी उघडल्यावर पहिलं माप एसीचं, मग वायरला हात.

पण गंजाच्या बाबतीत १५ व्होल्टवर निर्धास्त राहू नका. १ चौरस सेंटिमीटरच्या भोकातून, ५ ओहम-मीटरच्या खाजनात, नुसत्या ४ व्होल्टला चौरस मीटरमागे १८० अँपिअरच्या आसपास एसी करंट निघतो. १०० च्या वर गेलं की एसीने गंज होणार असंच धरतात, ३० च्या खाली काळजी कमी. तेच ४ व्होल्ट सड्यावर असले तर जेमतेम १ येतो. म्हणून खाजनात १ चौरस सेंटिमीटरचे कूपन, म्हणजे पाइपला जोडलेले स्टीलचे नमुना तुकडे, पुरून करंट मोजा, आणि व्होल्टेज उतरवायला झिंक रिबन डीकपलरमधून, म्हणजे एसी सोडून डीसी अडवणाऱ्या उपकरणातून, जोडा, थेट जोडलात तर इन्स्टंट ऑफ रीडिंगची वाट लागते.

पायरी ८: खोदून बघा

डीसीव्हीजीने दाखवलेल्या जागी खड्डा मारलात की लगेच पाइप पुसायला घेऊ नका. आधी उचललेल्या कोटिंगखालच्या पाण्यात पीएच पेपर बुडवा. ९ ते १२ आला आणि पांढरा खडूसारखा थर दिसला तर करंट पोचतोय. ६-७ आला आणि तपकिरी गंज असेल तर पोचत नाही. काळा चिकट थर असेल तर थोडा खरवडून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब टाका, अंड्याचा वास आला की सल्फाइड, म्हणजे बॅक्टेरियाचं काम. थर पुसल्यावर खाली चकचकीत धातू आणि वाटीसारखे खळगे दिसतात, त्यांची खोली पिट गेजने मोजून, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. मगच ब्लास्टिंग. खड्ड्यात उतरण्याआधी गॅस डिटेक्टर लावायचाच.

आणि हे सगळं बाहेरच्या बाजूचं झालं. सीपी पाइपच्या आतून काहीही करत नाही. २०१४ मध्ये आंध्रातल्या नगरममध्ये गॅस लाइन फुटून माणसं गेली, तिथे कोरड्या गॅसच्या लाइनीतून पाणी असलेला गॅस गेल्यामुळे आतून गंज झाला होता. आतल्यासाठी गॅस कोरडा ठेवणं, पिगिंग (आतून साफ करणं), इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) आणि इंटेलिजंट पिग (आतून तपासणी करणारं उपकरण), तो स्वतंत्र विषय आहे.

कायदा, घरगुती गॅस आणि कटिंग

कामाचे संदर्भ म्हणून आयएस ८०६२ आणि ओआयएसडी १४१ जवळ ठेवा. लाइन ज्यांच्या जमिनीतून जाते त्यांना १९६२ चा पाइपलाइन कायदा समजावून सांगा, त्या पट्ट्यावर घर, विहीर, टाकी, झाड काही चालत नाही. माडाची मुळं कोटिंगला धरतात हे सांगितलं की भाटकारालाही, म्हणजे जमीनमालकालाही, पटतं. घरगुती गॅसच्या पिवळ्या प्लॅस्टिक पाइपला सीपी लागत नाही, पण त्यामागच्या स्टील मेनला लागते, आणि जमिनीतून वर येणारा जीआयचा तुकडा, तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. मातीच्या पातळीवर वीतभर वर, वीतभर खाली टेप बघून घ्या.

लाइन कापायची वेळ आली तर टीआर बंद करा, तरीही कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड जंपर केबल आधी जोडा आणि मगच कटिंग सुरू करा. टीआर बंद असला तरी पाइपमध्ये करंट उरलेला असू शकतो, रेल्वेजवळ तर एसीही, आणि पाइपची दोन टोकं वेगळी होताना ठिणगी पडते. पाइप परत जोडून झाल्यावर जंपर काढा, टीआर चालू करा, आणि पोलरायझेशन, म्हणजे पाइपवर साचणारा सीपीचा परिणाम, परत चढायला वेळ लागतो म्हणून त्याच दिवशीचं रीडिंग धरू नका, काही दिवसांनी येऊन ऑफ घ्या.